मोठ्या, आक्रमक सिक्लिड माशांना टाकी केवढी लागते आणि सोबती कोणते चालतात

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, जग्वार किंवा रेड डेव्हिल यांचे बोटभर लांबीचे पिल्लू विक्रीच्या टाकीत इतर वीस-पंचवीस पिल्लांबरोबर गुण्यागोविंदाने पोहत असते, आणि ते पाहून घरी नेणाऱ्याला पुढच्या वर्षभरात काय वाढून ठेवले आहे याची कल्पना येत नाही. सहा-आठ महिन्यांत तोच मासा वीतभर होतो, टाकीतले लहान मासे एकेक करून नाहीसे होतात, उरलेल्यांचे पर फाटलेले दिसू लागतात, आणि मग ‘याच्याबरोबर कोणता मासा ठेवावा?’ असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नावर सोबत्यांच्या याद्या भरपूर मिळतात, पण एकाची यादी दुसऱ्याच्या यादीशी जुळत नाही. एकाच्या टाकीत वर्षानुवर्षे सुखाने राहिलेली जोडगोळी दुसऱ्याच्या टाकीत आठवडाभरही टिकत नाही, कारण दोन मासे एकमेकांना सहन करतील की नाही हे त्यांच्या नावांइतकेच, बहुतेकदा त्याहून जास्त, टाकीच्या तळाच्या मापावर अवलंबून असते. म्हणून आधी टाकीचा विचार करायचा आणि सोबत्याचा त्यानंतर. हाच क्रम या लेखातही ठेवला आहे.

## सिक्लिड म्हणजे कोणते मासे

सिक्लिड हे एका मोठ्या मत्स्यकुळाचे नाव असून त्यातल्या १,७०० हून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे. दक्षिण आणि मध्य अमेरिका, आफ्रिका आणि मादागास्कर ही त्यांची मुख्य ठिकाणे आहेत. भारत आणि श्रीलंकेतही मोजक्या जाती आढळतात. एंजल आणि डिस्कस हे नाजूक समजले जाणारे मासेही याच कुळातले आहेत, त्यामुळे ‘सिक्लिड’ एवढ्या एका शब्दावरून माशाच्या स्वभावाचा अंदाज बांधता येत नाही. येथे विषय आहे तो या कुळातल्या थोराड आणि दांडगट माशांचा, आणि हौशी लोकांकडे दिसणारे असे मासे बहुतेक अमेरिका खंडांतून आलेले आहेत.

त्यांची वाढ किती होते हे खरेदीपूर्वीच माहीत असायला हवे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला ऑस्कर टाकीत ३० ते ३५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. निकाराग्वातल्या सरोवरांत राहणारा रेड डेव्हिल आणि त्याचा जवळचा भाईबंद मायडस हेही ३० सेंटीमीटरच्या आगेमागे पोहोचतात. मध्य अमेरिकेतला जग्वार ४० सेंटीमीटर गाठू शकतो, तर त्याच प्रदेशातल्या वुल्फ सिक्लिडचे नर निसर्गात ७० सेंटीमीटरच्या घरात गेल्याची नोंद आहे. फ्लॉवरहॉर्न हा मुळात कोणत्याच नदीतला मासा नाही. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांचा संकर करून तो १९९० च्या दशकात मलेशियात तयार झाला, आणि तोही ३० सेंटीमीटरपर्यंत जातो. ग्रीन टेरर आणि जॅक डेम्प्सी त्या मानाने लहान, साधारण २० ते २५ सेंटीमीटरचे. मात्र जॅक डेम्प्सीला एका जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याचे नाव मिळाले आहे, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. नीट सांभाळल्यास यांतले बरेच मासे दहा वर्षांहून अधिक जगतात, म्हणजे आज घेतलेला निर्णय दशकभर निभवावा लागतो.

## खाण्यासाठी मारणे वेगळे, हाकलण्यासाठी मारणे वेगळे

‘आक्रमक’ हा शब्द दोन निरनिराळ्या वागणुकींसाठी सरसकट वापरला जातो आणि सोबती निवडताना होणारे बरेचसे घोटाळे तिथूनच सुरू होतात. पहिली वागणूक शिकाऱ्याची. ऑस्करच्या तोंडात जो मासा मावतो तो ऑस्करचे खाद्य आहे. त्यात राग, द्वेष, वर्चस्व यांचा काहीही संबंध नाही. खरे तर त्याच्या आकाराच्या मानाने ऑस्कर बराच सौम्य आहे, आणि तोंडात न मावणाऱ्या, शांत स्वभावाच्या मोठ्या माशांबरोबर तो पुष्कळदा निवांत राहतो.

दुसरी वागणूक हद्द राखणाऱ्याची. बहुतेक सिक्लिड आपल्या अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात, आणि माशांच्या जगात इतकी पालकगिरी सर्रास दिसत नाही. मध्य अमेरिकेतल्या बऱ्याच जातींत नर आणि मादी दोघेही पिल्लांचा थवा आठवडेच्या आठवडे सांभाळतात. त्यासाठी त्यांना तळावरचा एक तुकडा, एखादी कपार किंवा सपाट दगड, आपल्या ताब्यात हवा असतो, आणि त्या तुकड्यात येणारा कोणताही मासा त्यांच्या दृष्टीने पिल्लांवर टपलेला असतो. हा हल्ला भुकेपोटी होत नसल्यामुळे पोट भरलेले असले तरी तो थांबत नाही, आणि समोरचा मासा तोंडात मावत नाही म्हणून तो वाचतो असेही नाही. रेड डेव्हिल आपल्याएवढ्याच माशाला मारून टाकतो तो गिळण्यासाठी नव्हे. त्याला फक्त तो मासा तिथून गेलेला हवा असतो.

निसर्गात तो मासा खरोखरच निघून जातो. दोन नर कल्ल्यांवरची झाकणे फुगवून समोरासमोर येतात, अंगाला अंग लावून शेपटीने पाण्याचे फटके मारतात, कधी एकमेकांचे ओठ जबड्यात धरून रेटारेटी करतात, आणि आपण कमी पडतो आहोत हे कळलेला मासा रंग उतरवून काही मीटर लांब निघून जातो. भांडण तिथेच मिटते, आणि दोघांपैकी कोणालाही फारशी इजा होत नाही. टाकीत मात्र हरलेल्याला जाण्यासाठी ते काही मीटर नसतात. तो पळून कोपऱ्यात पोहोचतो, पण जिंकलेल्याच्या नजरेसमोरच राहतो, आणि जिंकलेल्या माशाच्या दृष्टीने समोर दिसणारा प्रतिस्पर्धी म्हणजे अजून न हरलेला प्रतिस्पर्धी असतो. त्यामुळे जे भांडण नदीत काही मिनिटांत मिटले असते, ते टाकीत एकाचा जीव जाईपर्यंत चालते. टाकीच्या मापाचा सगळा प्रश्न या एका गोष्टीभोवती फिरतो.

## लिटर नको, तळ मोजा

टाकी विकत घेताना पहिला प्रश्न ‘किती लिटरची?’ असा असतो. पाणी स्वच्छ ठेवण्याच्या दृष्टीने लिटर महत्त्वाचे आहेतच, पण सिक्लिडांची वाटणी तळाच्या जमिनीवरून होते, पाण्याच्या उंचीवरून होत नाही. एक उदाहरण घेऊ. १२० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकीत काठोकाठ २४३ लिटर पाणी बसते. ९० लांब, ४५ रुंद आणि ६० उंच टाकीतही अगदी तेवढेच, २४३ लिटर बसते. पण पहिलीचा तळ ५,४०० चौरस सेंटीमीटरचा आहे आणि दुसरीचा ४,०५०. लिटर तेच असूनही पहिल्या टाकीत माशांना एक तृतीयांश जमीन जास्त मिळते, आणि हरलेल्या माशाला पळायला सरळ रेषेत ३० सेंटीमीटर जास्त मिळतात. उंच टाकी दिवाणखान्यात डौलदार दिसते, पण या माशांसाठी ती वाईट निवड आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

रुंदीकडे तर कोणी पाहतच नाही. ३३ सेंटीमीटरच्या माशाला ३० सेंटीमीटर रुंदीच्या टाकीत वळायचे तर अंग दुमडावे लागते. ४५ सेंटीमीटरमध्ये तो वळतो, पण कोणाला वळसा घालून बाजूने जाऊ शकत नाही. दोन मोठे मासे समोरासमोर आले की एकाला मागे फिरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीच्या पाचपटीच्या आसपास टाकीची लांबी आणि दीडपटीहून कमी नसलेली रुंदी, हे मोजमाप मी धरून चालतो. त्यानुसार एकट्या जॅक डेम्प्सीला किंवा ग्रीन टेररला १२० गुणिले ४५ चा तळ पुरतो. एकट्या ऑस्करसाठीही पुष्कळ जण हेच माप सुचवतात, पण ते तगवण्यापुरते आहे. १५० गुणिले ६० मध्ये तोच मासा वेगळाच दिसतो आणि वेगळाच वागतो. फ्लॉवरहॉर्न, रेड डेव्हिल आणि मायडस यांनाही एकट्याला ६० सेंटीमीटर रुंदी द्यावी. दोन ऑस्कर, एखादी जोडी किंवा एकटा जग्वार यांच्यासाठी १८० गुणिले ६० पासून सुरुवात होते. वुल्फ सिक्लिड एकटा असला तरी २४० गुणिले ९० च्या खाली विचारच करू नये, आणि एवढी जागा नसेल तर तो मासा आणू नये.

येथे वजनाचाही हिशेब करावा लागतो. १८० × ६० × ६० च्या टाकीत ६४८ लिटर पाणी बसते. काच, रेती आणि दगड धरले तर हा बोजा ८०० किलोच्या घरात जातो. टाकी कोणत्या भिंतीलगत ठेवायची, खालच्या तुळया कशा जातात, हे इमारतीची माहिती असलेल्या जाणकाराला आधी विचारून घ्यावे.

## लांबी दुप्पट, वजन आठपट

दर काही लिटरला इतके सेंटीमीटर मासा, असा एक जुना ठोकताळा सांगितला जातो. लहान माशांपुरता तो कसाबसा चालतो, मोठ्या माशांबाबत तो पुरता फसतो. मासा लांब होतो तेव्हा तो त्याच प्रमाणात उंच आणि जाडही होतो, त्यामुळे लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते. ६ सेंटीमीटरचे पिल्लू ३० सेंटीमीटरचे होते तेव्हा लांबी पाचपट झालेली असते, पण वजन सुमारे सव्वाशे पट वाढलेले असते. तीन-तीन सेंटीमीटरचे दहा मासे आणि तीस सेंटीमीटरचा एक मासा यांची एकूण लांबी सारखीच भरते, तरी त्या एका माशाचे वजन दहाजणांच्या मिळून वजनाच्या शंभरपटीच्या आसपास असते. जेवढे वजन, तेवढे खाद्य. आणि जेवढे खाद्य, तेवढी घाण.

ही घाण प्रामुख्याने अमोनियाच्या रूपात, मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरते. अमोनिया माशांना विषारी आहे, आणि पाणी जितके अल्कधर्मी आणि उबदार तितका तो अधिक घातक ठरतो. फिल्टरमधल्या स्पंजावर आणि दगडगोट्यांवर वस्ती करणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बरेच कमी घातक असते. या साखळीला नायट्रोजन चक्र म्हणतात. नव्या टाकीत ते बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत त्यात मोठा मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे होय. साखळीच्या शेवटी साठलेले नायट्रेट नेहमीचे फिल्टर काढून टाकत नाहीत. ते पाणी बदलूनच बाहेर जाते. एवढ्या खादाड माशांसाठी दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी, क्लोरीन घालवून आणि तापमान जुळवून, बदलावे लागते.

फिल्टर दणकट असेल तर टाकी लहान चालणार नाही का, असे कोणीही विचारील. पाण्यापुरते पाहिले तर मोठा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, डब्यासारखा बंद फिल्टर) आणि नियमित पाणीबदल यांनी बरीच कसर भरून निघते. पण फिल्टर जमीन वाढवत नाही. पाणी काचेसारखे नितळ असलेल्या टाकीतही पळायला जागा नसलेला मासा मार खाऊनच मरतो.

## ‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’ हे खरे आहे का

या समजुतीत अर्धे सत्य आहे, म्हणूनच ती टिकून आहे. कोंदट टाकीत मासा खरोखर खुरटतो. पण त्याचे कारण साचलेली घाण आणि सततचा ताण हे असते; शरीराने जागेशी समजूतदारपणे जुळवून घेतले असे त्यात काही नसते. अशा माशाचे डोळे अंगाच्या मानाने मोठे दिसतात, पाठीचा कणा वाकडा होऊ शकतो आणि आयुष्य घटते. ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडण्याचा विकार प्रसिद्ध आहे. त्यामागे एकच कारण नाही, परजीवी आणि निकृष्ट आहार यांचाही त्यात भाग मानला जातो, पण खराब पाण्यात ठेवलेल्या माशांत तो वारंवार आढळतो. खुरटलेला मासा ‘लहान टाकीत छान राहिला’ म्हणून दाखवला जातो तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण तो आजारी आहे हे दाखवणाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते.

## सोबती निवडताना काय पाहायचे

पहिली कसोटी तोंडाची: सोबती पूर्ण वाढलेल्या सिक्लिडच्या तोंडात मावता कामा नये. निऑन, गप्पी, लहान बार्ब हे इथेच बाद होतात. यातही एक धोका फारसा कोणाला ठाऊक नसतो. लहान मार्जारमासे, म्हणजे मिशा असलेले तळाचे मासे, आणि सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटून राहणारे मासे, यांच्या परांचे काटे ताठ करून अडकवता येतात. ऑस्करने असा मासा गिळायचा प्रयत्न केला की तो घशात रुतून बसतो आणि दोघेही मरू शकतात. त्यामुळे सकर ठेवायचाच तर सुरुवातीपासूनच मोठ्या आकाराचा ठेवावा, आणि नेहमीचा सकरही पुढे ४० सेंटीमीटरपर्यंत जातो हे हिशेबात धरावे.

दुसरी कसोटी दिसण्याची. सिक्लिडला सर्वांत जास्त राग येतो तो आपल्यासारख्या दिसणाऱ्याचा, कारण तोच त्याच्या जागेवर आणि जोडीदारावर हक्क सांगू शकतो. एकाच जातीचे दोन नर, किंवा अंगावर सारखे पट्टे असलेल्या दोन जाती, ही सर्वांत धोक्याची जुळणी आहे. उलट, शरीराची ठेवण अगदी वेगळी असलेला आणि पाण्याच्या वेगळ्या थरात राहणारा मासा त्याच्या दृष्टीने बराचसा गैरलागू असतो. म्हणूनच सिल्व्हर डॉलर हा इतका चांगला सोबती ठरतो. त्याचे अंग ताटलीसारखे उंच आणि चपटे असते, त्यामुळे १२ ते १५ सेंटीमीटरचा मासाही सहसा ऑस्करच्या तोंडात जात नाही. तो चपळ असतो, थव्याने मधल्या थरात पोहतो आणि तळावर हक्क सांगत नाही. मात्र तो सहाच्या खाली ठेवू नये, आणि त्या सहाजणांसाठीही जागा धरावी लागते, म्हणजे पुन्हा १८० सेंटीमीटरची टाकी आलीच.

अशा थव्याचा आणखी एक उपयोग आहे. मोकळ्या पाण्यात निर्धास्त पोहणारे मासे दिसले की लपून बसलेल्या सिक्लिडला आसपास धोका नाही अशी खूण मिळते आणि तो बाहेर येतो. शिवाय त्याचे लक्ष एकाच माशावर खिळून न राहता वाटले जाते.

तिसरी कसोटी दमाची. सोबती फार भित्रा असला तर उपाशी राहतो, आणि फार भांडखोर असला तर युद्ध सुरू होते. ऑस्करबरोबर सेव्हरम किंवा मोठे जिओफॅगस हे मध्यम स्वभावाचे सिक्लिड मोठ्या टाकीत चालतात. जॅक डेम्प्सी आणि ग्रीन टेरर यांना पुरेशी जागा मिळाली तर ऑस्करबरोबर ठेवून पाहता येते, पण तिथे हमी कोणीच देऊ नये. रेड डेव्हिल, फ्लॉवरहॉर्न, जग्वार आणि वुल्फ यांच्याबाबत मी सोबत्याच्या विरोधातच सल्ला देईन. घरात सहसा ठेवता येणाऱ्या मापाच्या टाक्यांत यांच्यासाठी ‘सोबती’ हा शब्द लागूच पडत नाही.

पाणी आणि आहारही जुळायला हवा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत सिक्लिड कठीण, अल्कधर्मी पाण्यातले असून त्यांतले बरेचसे शेवाळ खरवडून खाणारे आहेत. त्यांना मऊ पाण्यातल्या, मांसाहारी ऑस्करबरोबर ठेवले तर दोघांपैकी एकाची आबाळ होतेच. गोल्डफिशला थंड पाणी मानवते आणि तो मुळातच संथ आहे, त्यामुळे तो या टाकीत सोबती होत नाही. आणि खाद्य म्हणूनही तो नको, कारण त्याच्यातून रोग येतात आणि त्याच्या मांसात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो.

## लहानपणापासून एकत्र वाढवले तर?

पिल्ले एकत्र वाढली म्हणून पुढेही एकत्र राहतील, ही आशा अगदी माणसासारखी आहे, पण माशांच्या बाबतीत ती प्रजननाच्या वयापर्यंतच टिकते. दीड वर्ष शेजारी शेजारी पोहणाऱ्या दोन माशांपैकी एकाला जोडीदार मिळाला, किंवा नुसती अंडी घालण्याची वेळ आली, की दुसरा एका रात्रीत परका होतो. ही वेळ ओळखता येते. मासा एकच सपाट दगड निवडून तोंडाने पुन्हा पुन्हा घासून साफ करू लागतो, त्याच्या भोवतीची रेती तोंडात भरून दूर नेऊन टाकतो, रंग गडद करतो, आणि आतापर्यंत ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता त्या माशांना टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पिटाळू लागतो. दगड घासणे सुरू झालेले दिसले की त्याच दिवशी इतर माशांना हलवण्याची तयारी ठेवावी.

जोडीची गोष्टही तितकीच नाजूक आहे. बाजारात ‘जोडी’ म्हणून विकलेले दोन मासे ही जोडी असतेच असे नाही. सहा-आठ पिल्ले वाढवून त्यांना आपापला जोडीदार निवडू देणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग आहे, आणि उरलेल्यांसाठी दुसरे घर आधीच ठरलेले असावे. नर सहसा मादीपेक्षा बराच मोठा होतो, आणि ती अंडी घालायला तयार नसताना तिला मारूनही टाकू शकतो. जग्वार आणि वुल्फ पाळणारे अनुभवी लोक म्हणून टाकीत मध्ये जाळीचा पडदा घालतात आणि त्याला मादी जाईल पण नर जाणार नाही एवढेच भोक ठेवतात. मादी स्वतःच्या मर्जीने त्याच्याकडे जाते आणि मर्जीने परत येते. मोठ्या सिक्लिडांची जोडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा पडदा पहिल्या दिवसापासून वापरावा असे मला वाटते.

## टाकी थोडी मोठी घेतली, किंवा मुद्दाम गर्दी केली तर?

अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी २०११ मध्ये मायडस सिक्लिडच्या पिल्लांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरगुती टाक्यांच्या मर्यादेत जागा थोडीफार वाढवून किंवा माशांची संख्या थोडी बदलून आक्रमकतेत लक्षणीय फरक पडत नाही, पण जागा खूप मोठी आणि आडोशांनी भरलेली असली की ती घटते, असे त्यांना आढळले. टाकीचे माप अर्ध्या फुटाने वाढवून सोबत्याचा प्रश्न सुटेल अशी आशा करणाऱ्यांसाठी ही मोलाची माहिती आहे. जागा वाढवायची तर दुपटीच्या भाषेत वाढवावी; १२० गुणिले ४५ वरून १८० गुणिले ६० वर गेले की तळ नेमका दुप्पट होतो.

गर्दीचा उपाय मलावी सरोवरातल्या लहान सिक्लिडांच्या पाळणाऱ्यांकडून आला आहे. तिथे दहा-बारा सेंटीमीटरचे पुष्कळ मासे एकत्र ठेवले की कोणा एकालाच लक्ष्य करणे कोणालाही जमत नाही, आणि मार विभागला जातो. तीस सेंटीमीटरच्या माशांवर हाच प्रयोग करायचा तर काही हजार लिटर पाणी लागेल. त्याहून लहान टाकीत अशी गर्दी केली की अमोनिया आधी मारतो आणि भांडणे नंतर.

आडोशांचा उपाय मात्र कोणालाही जमण्यासारखा आहे. ज्या दोन शेतांमधला बांध ठळक असतो तिथे कुरबुरी कमी होतात, आणि जिथे बांधच पुसला गेलेला असतो तिथे दर पावसाळ्यात नवे भांडण उभे राहते. टाकीतही हद्द डोळ्यांना दिसली पाहिजे. लाकडाचे मोठे ओंडके आणि दगडांची रास टाकीच्या मध्यावर, पाण्याच्या निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत अशी रचावी की एका टोकाच्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा दिसणार नाही. प्रत्येक कपारीला दोन तोंडे असावीत, कारण एकाच तोंडाच्या बिळात शिरलेला मासा तिथेच कोंडून मारला जातो. दगड रेतीवर न ठेवता आधी काचेच्या तळावर, खाली पातळ फोम घालून, पक्के बसवावेत आणि रेती नंतर ओतावी. हे मासे खणतात, आणि खालची रेती सरकली की दगड ढासळून काच फुटू शकते. हीटरला संरक्षक जाळी लावावी किंवा तो टाकीबाहेरच्या फिल्टरच्या पाण्याच्या वाटेवर बसवावा.

नवा मासा सोडताना ही सगळी रचना आधी मोडून नव्याने मांडावी, म्हणजे जुन्याच्या ओळखीच्या हद्दी पुसल्या जातात आणि दोघेही सारखेच नवखे होतात. दिवे मालवल्यावर मासा सोडावा. अनेक मासे आणायचे असतील तर सर्वांत सौम्य आधी आणि सर्वांत दांडगा शेवटी आणावा. यानंतरचे दोन आठवडे रोज लक्ष ठेवावे लागते: पाठलाग अधूनमधून होणे चालेल, पण एखादा मासा परे अंगाशी चिकटवून वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागे तिरपा तरंगत राहिला, किंवा खाणे टाकले की खालीच उतरेना, तर त्याला त्याच दिवशी काढावे. ‘आपसात ठरवू दे’ म्हणून थांबले की सकाळी बहुधा मेलेला मासा हाती येतो.

## एकट्या माशाला कंटाळा येत नाही का

थव्याने राहणारा मासा एकटा ठेवणे ही क्रूरता आहे, पण हद्द राखणारा पूर्ण वाढलेला सिक्लिड थव्यात राहणारा प्राणी नाही. विणीचा हंगाम सोडला तर दुसरा मासा ही त्याच्यासाठी डोकेदुखीच असते. एकटा ठेवलेला फ्लॉवरहॉर्न किंवा रेड डेव्हिल काचेबाहेरच्या हालचालींकडे लक्ष देतो, रोज खायला घालणाऱ्याला ओळखू लागतो, त्याला पाहून पुढे येतो आणि आपल्या टाकीतले दगड दिवसभर इकडून तिकडे करत राहतो. त्याला उद्योग हवा असेल तर खणायला रेती, ढकलायला गोटे आणि दर काही आठवड्यांनी बदललेली मांडणी द्यावी. प्रशस्त टाकीतला एकच मासा ही अपुरी टाकी नसते. या माशांपैकी निम्म्याहून अधिकांसाठी मी तीच शिफारस करीन.

## जमले नाही तर

सोबत जमली नाही तर पहिल्या तासात काय करायचे हे आधीच ठरलेले असावे. एक रिकामी टाकी, छिद्रे असलेला एक पडदा आणि मुख्य टाकीच्या फिल्टरमध्ये कायम ठेवलेला एक जादा स्पंज एवढी तयारी पुरते. त्या स्पंजावर जीवाणू आधीच वसलेले असल्यामुळे वेगळ्या केलेल्या माशासाठी लगेच चालू फिल्टर मिळतो.

मासा आवाक्याबाहेर गेला म्हणून नदीत, तळ्यात किंवा विहिरीत मात्र कधीही सोडू नये. पनामातल्या गातुन सरोवरात १९६० च्या दशकात पीकॉक बास हा मोठा सिक्लिड शिरला आणि तिथल्या स्थानिक लहान माशांच्या अनेक जातींची दाणादाण उडाली. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे मातानो सरोवर जगात इतरत्र कुठेही न सापडणाऱ्या माशांसाठी ओळखले जाते; तिथे आता फ्लॉवरहॉर्न वाढले आहेत, आणि तो मासा तर माणसाने टाकीत घडवलेला आहे. न सांभाळता येणारा मासा विक्रेत्याकडे परत द्यावा, मोठ्या टाक्या असलेल्या हौशी पालकाकडे सोपवावा किंवा सार्वजनिक मत्स्यालयात विचारून पाहावे. आणि पिल्लू घेण्यापूर्वीच विक्रेत्याला विचारून ठेवावे, की हा मासा ३० सेंटीमीटरचा झाल्यावर तुम्ही परत घ्याल का.